खटपट : पश्चिमेचा वारा आणि एक दिवा



मागच्या अंकात आम्ही घरच्या वाय-फायची नाडी तपासली होती. ते वाचून काही वाचकांनी विचारलं, की संगणकावरचा प्रोग्रॅम समजला, फोनवरचाही समजला, पण मायक्रोवेव्ह, थर्मोस्टॅट, कपडे धुण्याचं यंत्र, कानामागचं श्रवणयंत्र ह्यांच्या पोटात जो प्रोग्रॅम बसलेला असतो, तो तिथे शिरतो कसा? एका आईची तक्रार तर फारच बोलकी होती. "मुलगा रोबोटिक्स क्लबात जातो आणि घरी येऊन 'बिल्ड फेल झाला' म्हणून डोकं धरून बसतो. आम्ही नवरा-बायको दोघंही आयटीत, पण आमचं आयटी वेगळं! त्याला मदत करायची तर सुरुवात कुठून करायची?"

प्रश्न रास्त आहे. तेव्हा या खेपेची खटपट अशा बंदिस्त यंत्रांसाठी प्रोग्रॅम उभा कसा करायचा, याची. आणि तो उभा केल्यावर दुसऱ्याच्या हाती कसा द्यायचा, याचीही. कारण खरी मेख तिथेच आहे, पण ते ओघाने येईलच.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. रास्पबेरी पाय पिको नावाचा एक बोर्ड जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलरला बाजारात आला. बोटाएवढा लांब. त्यावर २६४ किलोबाइट रॅम आणि २ मेगाबाइट फ्लॅश. तुमच्या लॅपटॉपला ८ गिगाबाइट रॅम असेल, तर ती ह्या पिकोच्या तीस हजार पटींहून जास्त झाली. म्हणजे वाडा आणि काडेपेटी! विंडोज किंवा मॅकची प्रणाली ह्या काडेपेटीत मावणं शक्यच नाही. म्हणून अशा यंत्रांसाठी वेगळ्या, आटोपशीर प्रणाली असतात. त्यांना 'रिअल टाइम' म्हणतात. त्याचा अर्थ फार वेगवान असा नव्हे. ठरलेलं काम ठरलेल्या वेळेच्या आत होणारच, अशी हमी, असा आहे. गाडीच्या एअरबॅगने अपघातानंतर दोन सेकंदांनी फुगून काय उपयोग?

अशा प्रणाली पुष्कळ आहेत. आम्ही उदाहरणाला 'झेफिर' घेतली आहे. तिचं मूळ विंड रिव्हर या कंपनीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनने ती सर्वांसाठी खुली म्हणून जाहीर केली, तेव्हापासून ती फुकट मिळते आणि तिचा सगळा कोड वाचता येतो. झेफिर हे ग्रीकांच्या पश्चिम-वाऱ्याच्या देवाचं नाव, आणि म्हणून तिच्या मुख्य हत्याराचं नाव 'वेस्ट'. पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर इतक्या दूर आलेल्या आपल्या मंडळींना हे नाव परकं वाटायचं कारण नाही!

इथे शिजवायचं, तिथे वाढायचं

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की पिकोवर बसून पिकोचा प्रोग्रॅम तयार करता येत नाही. तेवढी जागाच नाही. प्रोग्रॅम लॅपटॉपवर रांधायचा आणि तयार झालेलं ताट पिकोकडे पोचवायचं. लॅपटॉपच्या प्रोसेसरची भाषा वेगळी, पिकोची वेगळी. त्यामुळे लॅपटॉपवर असा कंपायलर लागतो जो स्वतः लॅपटॉपवर चालतो, पण लिहितो ते पिकोच्या भाषेत. ह्याला क्रॉस-कंपायलर म्हणतात. झेफिरचे असे सगळे कंपायलर एकत्र बांधून 'झेफिर एसडीके' नावाचा संच मिळतो.

आता मांडामांड. (आज्ञा आम्ही इथे आपल्या लिपीत लिहितो आहोत. संगणकावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत द्यायच्या. नेमकं रूप झेफिरच्या अधिकृत 'गेटिंग स्टार्टेड' मार्गदर्शकात आहे. ते शेजारी उघडं ठेवा.)

एक : गिट, पायथन, सीमेक, निन्जा आणि डिव्हाइसट्री कंपायलर ही पाच हत्यारं आधी बसवून घ्या. पायथनसाठी स्वतंत्र 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट' करा, म्हणजे झेफिरचं सामान घरातल्या बाकीच्या सामानात मिसळणार नाही.

दोन : त्यात 'वेस्ट' बसवा. मग 'वेस्ट इनिट' म्हणून कामाची जागा तयार करा आणि 'वेस्ट अपडेट' म्हणा. ही दुसरी आज्ञा झेफिरबरोबर लागणारी सगळी जोडसामग्री उतरवून घेते. काही गिगाबाइटचा मामला आहे, तेवढ्यात कांदेपोहे होतात.

तीन : 'वेस्ट पॅकेजेस' वापरून पायथनची उरलेली पॅकेजेस आणि 'वेस्ट एसडीके इन्स्टॉल'ने कंपायलरांचा संच.

चार : झेफिरबरोबर 'ब्लिंकी' नावाचं उदाहरण येतं. बोर्डावरचा एक दिवा एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो, बस्स. 'वेस्ट बिल्ड', पुढे बोर्डाचं नाव 'आरपीआय पिको', पुढे त्या उदाहरणाची जागा, एवढी आज्ञा द्या. पडद्यावर ओळी धावतील आणि शेवटी छोटा तक्ता येईल : फ्लॅश किती खर्च झाली, रॅम किती. काडेपेटीत किती काड्या उरल्या, त्याचा हिशेब. हा तक्ता रोज बघायची सवय मुलांना लावा.

पाच : पिकोवरचं 'बूटसेल' बटण दाबून धरा आणि तसंच त्याला यूएसबीने जोडा. पेन ड्राइव्ह जोडल्यासारखा एक नवा ड्राइव्ह दिसेल. 'बिल्ड' फोल्डरातल्या 'झेफिर' फोल्डरात 'झेफिर डॉट यूएफटू' नावाची फाइल तयार झालेली असेल, ती त्या ड्राइव्हवर टाका. दिवा लुकलुकायला लागेल. पहिल्या खेपेला साधा पिकोच घ्या. 'डब्ल्यू' अक्षरवाल्या पिकोवर दिव्याची तार मुख्य चिपला न जोडता वायरलेसच्या चिपला जोडलेली आहे. तो प्रपंच नंतर.

बोर्ड विकत घ्यायचा नसेल तरी अडत नाही. बोर्डाच्या नावाच्या जागी 'क्यूईएमयू एक्सएटीसिक्स' लिहून 'हॅलो वर्ल्ड' हे उदाहरण बिल्ड करून चालवलं, तर लॅपटॉपच्याच पोटात एक खोटाखोटा बोर्ड उभा राहतो आणि त्यावर प्रोग्रॅम चालतो.

नेहमीची तीन दुखणी

पहिलं आपल्या लोकांचं खास. विंडोजवर वापरकर्त्याचं नाव लिहिताना आपण शाळेच्या दाखल्यासारखं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं ऐसपैस लिहितो, मधे मोकळी जागा सोडून. झेफिरला फोल्डराच्या मार्गात कुठेही मोकळी जागा चालत नाही. तेव्हा कामाची जागा सरळ सी ड्राइव्हवर, एका शब्दाच्या फोल्डरात करावी. वडिलांचा मान इतरत्र राखता येईल.

दुसरं म्हणजे, बिल्ड मोडला की मुलं शेवटची ओळ वाचतात. त्या ओळीत 'फेटल एरर, कमांड फसली' एवढंच असतं. फसली हे आपल्यालाही दिसतंच आहे! वर सरकत जायचं आणि 'एरर' हा शब्द पहिल्यांदा जिथे आला ती ओळ शोधायची. दुखणं तिथे असतं, खालचं सगळं नुसतं कण्हणं.

तिसरं, बोर्ड बदलला किंवा मांडणी बदलली, तरी जुनाच 'बिल्ड' फोल्डर वापरत राहणं. भाजीच्या कढईत न धुता शिरा करायला घेतल्यासारखं आहे ते. वेस्टला 'प्रिस्टाइन' बिल्ड करायला सांगितलं की ते आधी कढई घासून घेतं.

चार कागद

उदाहरण चाललं, आता स्वतःचा प्रोजेक्ट. त्याला चार फाइली पुरतात, आणि प्रत्येकीचं काम वेगळं आहे.

'मेन डॉट सी' : काय करायचं ते. ही फाइल सगळ्यांना ठाऊक असते.

'सीमेकलिस्ट्स' : कोणकोणत्या फाइली एकत्र करायच्या ते. चार-पाच ओळींचा मामला.

'पीआरजे डॉट कॉन्फ' : झेफिरमधलं काय काय हवं, त्याची यादी. झेफिरमध्ये ब्लूटूथ आहे, नेटवर्क आहे, नाना तऱ्हेचे सेन्सर आहेत. सगळं काडेपेटीत कोंबायचं नाही. 'जीपीआयओ हवं' असं लिहिलंत तर दिव्याच्या तारेला हात लावणारा भाग आत येईल, नाही तर येणार नाही. लग्नाच्या जेवणावळीत आचाऱ्याला पदार्थांची यादी देतात, तसंच हे.

'ओव्हरले' : तुमच्या बोर्डाला बाहेरून काय, कुठे जोडलं आहे, त्याचा नकाशा. बोर्डाचा मूळ नकाशा झेफिरमध्येच असतो, त्याला डिव्हाइसट्री म्हणतात. पिकोच्या नकाशात 'लेड-झीरो' म्हणजे पंचवीस क्रमांकाच्या पायावरचा दिवा, असं लिहिलेलं आहे. ब्लिंकीच्या प्रोग्रॅमात पंचवीस हा आकडा कुठेही नाही, तो फक्त 'लेड-झीरो' मागतो. म्हणूनच तो एकच प्रोग्रॅम शेकडो बोर्डांवर न बदलता चालतो. घर बदललं तरी 'देवघरातला दिवा लाव' हे वाक्य तेच राहतं ना, तसं.

आणि ह्या चौघांच्या वर एक पाचवा कागद : 'वेस्ट डॉट वायएमएल', अर्थात मॅनिफेस्ट. ही वाणसामानाची यादी. झेफिरची कोणती आवृत्ती, कोणती जोडसामग्री, कुठून आणायची. 'वेस्ट अपडेट' ही यादी वाचूनच बाजाराला जातं. ह्या पाचव्या कागदाकडे नवशिके ढुंकून बघत नाहीत, आणि नेमकं तिथेच बिनसतं.

मखरातली माळ

आमच्या मंडळातलीच गोष्ट सांगतो. २०२१ च्या गणेशोत्सवासाठी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलाने मखराला दिव्यांची माळ केली होती. आरती सुरू झाली की रंग हळूहळू केशरी होत जायचे. बोर्ड होता, त्यावर झेफिर होतं, सगळं त्याने एकट्याने केलं. मंडळींनी तोंड भरून कौतुक केलं. पुढे तो कॉलेजला दुसऱ्या राज्यात गेला. माळ दर वर्षी निघायची, लागायची, परत खोक्यात जायची.

२०२४ मध्ये मखर मोठं केलं आणि माळ अपुरी पडली. दिवे किती, हा आकडा प्रोग्रॅमात असतो. म्हणजे आकडा बदलून पुन्हा बिल्ड करणं आलं. पाहायला गेलो तर हाती काय? एका पेन ड्राइव्हवर एकुलती एक 'मेन डॉट सी'. ज्या लॅपटॉपवर बाकीचं सगळं होतं, तो कधीच कुणाला तरी देऊन टाकलेला. मुलाला फोन केला. तो बिचारा म्हणाला, "काका, माझ्याकडे तर चालत होतं!" खोटं काहीच नव्हतं त्यात. त्याच्याकडे चालतच होतं.

मंडळातले एक निवृत्त इंजिनियर काका आणि आठवीतली एक मुलगी असे दोघं कामाला लागले. पहिल्या झटक्यालाच एरर : 'झेफिर डॉट एच' नावाची फाइल नाही. का नाही? तर २०२२ मध्ये ३.१ ह्या आवृत्तीत झेफिरने आपल्या सगळ्या हेडर फाइली 'झेफिर' नावाच्या फोल्डरात हलवल्या, आणि पुढे जुने पत्ते बंद झाले. प्रोग्रॅम जुन्या पत्त्यावर पत्र टाकत होता. ते सुधारलं. मग माळेचा ड्रायव्हर सापडेना, कारण काय काय हवं त्याची यादी, ती 'पीआरजे डॉट कॉन्फ', गेलेली. अंदाजाने एकेक जमवली. मग दिवे लागेनात, कारण माळ कोणत्या पायाला जोडली आहे तो नकाशा, तो ओव्हरले, तोही गेलेला. शेवटी काकांनी भिंग घेऊन एकेक तार बोटाने तपासली. एका आकड्याच्या बदलाला तीन शनिवार गेले.

आमच्या घरोघरी आजीच्या पाककृतींचं जे होतं, तेच हे. फोनवर विचारलं की उत्तर येतं, "मूठभर घे, हाताला लागेल तसं पाणी घाल." आजीच्या हाताला लागतं ते आपल्या हाताला लागत नाही, आणि इथलं पीठही तिथलं नसतं. आजी काही लपवत नाही. तिच्या स्वयंपाकघरात जे जागच्या जागी होतं, ते सांगायची तिला कधी गरजच पडली नव्हती, एवढंच.

त्या आठवीतल्या मुलीने मात्र चौथ्या शनिवारी एक काम केलं, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचं काम तेच. तिने मॅनिफेस्टमध्ये झेफिरची आवृत्ती नेमकी लिहून टाकली : ३.७.०. ही जुलै २०२४ मध्ये आलेली आवृत्ती, आणि ती दीर्घकाळ सांभाळली जाणारी म्हणून जाहीर झालेली. आवृत्तीच्या जागी 'मेन' असं लिहिलं की वेस्ट ज्या दिवशी अपडेट कराल त्या दिवशीचं ताजं झेफिर आणतं; आज जे चाललं ते सहा महिन्यांनी चालेलच असं नाही. नेमका आकडा लिहिला की वेस्ट तेच आणतं. जोडसामग्रीचंही तसंच हवं असेल तर 'वेस्ट मॅनिफेस्ट'ला 'फ्रीझ' म्हणा, की प्रत्येक गोष्टीची तंतोतंत खूण असलेली यादी ते छापून देतं. शिवाय तिने एक साधा कागद लिहिला : बोर्ड कोणता, एसडीकेची आवृत्ती कोणती, माळ कुठल्या पायाला, बिल्डची आज्ञा अक्षरशः काय, आणि बोर्डात कसं टाकायचं. मराठीत लिहिला, कारण तो वाचणारे काका-काकू होते!

मग काकांनी तो कागद एका तिसऱ्याच गृहस्थांना दिला, ज्यांनी झेफिरचं नावही ऐकलं नव्हतं, आणि स्वतः तोंड मिटून शेजारी बसले. गृहस्थ दोन ठिकाणी अडले. त्या दोन ओळी मुलीने कागदात वाढवल्या. २०२५ मध्ये माळ पुन्हा बदलली, तेव्हा ती मुलगी गावात नव्हती. त्या गृहस्थांनीच एका दुपारी बिल्ड केलं.

मंगळावरची माळ

हे सगळं मखराच्या माळेपुरतंच आहे, असं समजू नका. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. त्याच्या संगणकावर व्हीएक्सवर्क्स ही विंड रिव्हरचीच प्रणाली होती. काही दिवसांतच संगणक मधेच आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला, आणि त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायला लागलं.

घोटाळा असा होता. समजा कोठीची किल्ली घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाच्या हातात आहे. आजोबा किल्लीसाठी खोळंबले आहेत. धाकटा काम उरकून किल्ली देणारच, पण मधली मोठी माणसं त्याला सारखी बाजूला सारून आपली कामं पुढे दामटतात. त्यामुळे धाकट्याचं काम संपत नाही आणि ज्यांचा मान पहिला ते आजोबाच उपाशी. यानावर धाकटा म्हणजे हवामानाची माहिती गोळा करणारं काम, आणि आजोबा म्हणजे यानाच्या माहितीची मुख्य वाहतूक सांभाळणारं काम. मुख्य काम वेळेत झालं नाही, हे पाहून दुसरं एक काम संगणकच पुन्हा सुरू करायचं. उपाय सोपा : किल्ली हातात असेपर्यंत धाकट्याला आजोबांचा मान द्यायचा, म्हणजे त्याला कुणी बाजूला सारणार नाही. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती, पण त्या किल्लीसाठी चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरून संदेश पाठवून ती चालू केली आणि दुखणं थांबलं. (झेफिरच्या म्यूटेक्समध्ये ही सोय मुळातच असते.)

पण हे सापडलं कसं? कॅलिफोर्नियाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत यानासारखीच जोडणी होती आणि तिच्यावर यानावर होता तोच प्रोग्रॅम चालवता येत होता. इंजिनियरांनी तीच चूक तिथे घडवून आणली आणि पकडली. मंगळावर जाऊन कुणी तारा तपासू शकत नाही. यानावर जे आहे ते इथे जसंच्या तसं पुन्हा उभं करता आलं, म्हणून मोहीम निभावली. आमच्या काकांकडे निदान भिंग तरी होतं!

तेव्हा, मंडळी

मुलं प्रोजेक्ट करतात तेव्हा आपण दिवा लागला की टाळ्या वाजवतो. वाजवाव्यातच. पण लगेच दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर, रिकाम्या फोल्डरात, फक्त त्यांनी लिहून ठेवलेल्या फाइलींवरून तोच दिवा पुन्हा लावून बघा म्हणावं. लागला, तर प्रोजेक्ट पूर्ण झाला. नाही लागला, तर तो अजून एकाच माणसाच्या लॅपटॉपमध्ये राहतो आहे, आणि माणसं कॉलेजला जातात, नोकऱ्या बदलतात, गावं बदलतात. ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ज्या आईने पत्र लिहिलं तिला आमचं एवढंच सांगणं, की मुलाला मदत करायला झेफिर यायलाच हवं असं नाही. त्याने लिहिलेला कागद घेऊन तुम्ही बिल्ड करायला बसा, आणि अडाल तिथे विचारा. त्याला सांगावं लागेल, लिहावं लागेल. तुम्ही न अडता शेवटपर्यंत पोचलात, की तो शिकला असं समजा.

पुढच्या अंकात जुन्या कॅसेटांवरची गाणी संगणकात कशी उतरवायची, ते पाहू. कॅसेटा शोधून ठेवा, आणि त्या वाजवायचं यंत्र कुणाच्या तळघरात आहे तेही!

कळावे, लोभ असावा.

— खटपटे